दारू दळायचं जातं: बेळगाव ते चित्रदुर्ग, तीन दिवस

आमचे काका विहिरी फोडायचे. खणणारे वेगळे आणि फोडणारे वेगळे. मातीपर्यंत कुणीही खणतो, खाली पाषाण लागला की काकांना बोलावणं यायचं. नंदगडच्या आजूबाजूला पंचवीस-तीस गावांत त्यांनी सुरुंग लावले. जिलेटिनच्या कांड्या मागाहून आल्या. सुरुवातीची वर्षं काळी दारू, वात आणि वरून मातीचा दट्टा. दारू ठासायची ती लाकडाच्या नाहीतर तांब्याच्या सळईनं. लोखंडी पहारीनं ठासणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकदाच बघितला, तोही फार वेळ नाही. आता वय शहात्तर. तंबाखू खातात, बिडी कधी ओढली नाही. "दारूच्या धंद्यातला माणूस तंबाखू खातो, ओढत नाही," हे वाक्य नवख्या माणसापुढे टाकून त्याचा चेहरा बघायची त्यांना भारी हौस.

संक्रांतीला ताईची मुलगी आली होती. बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र. तिनं मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ लावला होता. दगडी खड्डा आणि खाली मोठाले गोल दगड. काका तिच्या खांद्यावरून बघत होते.

"हे जातं काय गा?"

"दारू दळायचं जातं. चित्रदुर्गच्या किल्ल्यावर आहे."

काकांनी चष्मा पुसला, व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग मला म्हणाले, "शनिवारी काय करूलालास तू?"

असं ठरलं. मी, काका आणि भाची. काकू येत नाही म्हणाली. तीनशे किलोमीटर जाऊन दगड बघायला तिला वेळ नव्हता. तिनं फक्त ब्याडगी मिरची आणायला सांगितली.

पहिला दिवस: बेळगाव, कित्तूर, दावणगिरी

सकाळी सहाला वडगावातून निघालो. धुकं एवढं की समोरचा टँकर दिव्यांवरूनच कळत होता. शहराबाहेर पडायच्या आधी काकांनी गाडी किल्ल्याकडे घ्यायला लावली. बेळगावात राहणारा माणूस किल्ल्यात कधी जातो? एक तर दुर्गादेवीला, नाहीतर पाहुण्यांना कमल बस्ती दाखवायला. तटाकडे आणि खंदकाकडे बघत कुणी उभं राहत नाही. आम्ही राहिलो, थंडीत, पंधरा मिनिटं.

१८१८ च्या मार्चमध्ये जनरल मन्रोनं या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आत पेशव्यांची शिबंदी होती. तीन आठवडे ती लढली. मध्येच इंग्रजांच्याच मोर्च्यातला दारूसाठा उडाला. ती संधी साधून आतली माणसं बाहेर पडली, पण त्यांना मागं रेटलं गेलं. १० एप्रिलला किल्ला पडला. हे मी वाचून ठेवलं होतं आणि काकांना ऐकवायला म्हणून जरा रंगवूनच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात ना? मग उडणारच. मार्च-एप्रिलात दारू कोरडी ठक असते, आणि वेढ्यात माणूस घाईला आलेला असतो."

हिरेबागेवाडी मागं टाकली तेव्हा धुकं फाटलं. एम. के. हुबळीला मलप्रभेचा पूल ओलांडल्यावर एका साध्या हॉटेलात उप्पीट आणि शिरा खाल्ला, एकाच बशीत शेजारी शेजारी. वर पाण्यासारखी पातळ चटणी. इकडे ही पद्धतच आहे, पण पुण्याकडचे पाहुणे दरवेळी दचकतात.

कित्तूर हमरस्त्यापासून अगदी जवळ. किल्ल्यात राजवाड्याच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आवारातलं संग्रहालय छोटं पण नेटकं. काकांना मात्र राणी चन्नम्माचा वाडा नको होता, दारूचं कोठार कुठं होतं ते हवं होतं. फाटकाजवळ एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. काकांनी मराठीत विचारलं, "दारूकोठार कुठं असेल हो?" गृहस्थांनी एकदा काकांच्या पांढऱ्या टोपीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि बसस्टँडच्या दिशेला हात केला. साडेनऊ वाजले होते. भाचीला हसू आवरेना. मग काकांनी कन्नडवर गाडी आणली. मद्दु म्हणजे दारू, मने म्हणजे घर. "मद्दिन मने यल्लि?" शेजारून जाणारी एक बाई थांबली, काकांचं वय बघून कळवळली आणि औषधाच्या दुकानाचा रस्ता नीट समजावून देऊन गेली.

दोघांचंही चुकलं नव्हतं. कन्नडमध्ये मद्दु म्हणजे औषधही आणि बंदुकीची दारूही. आणि आपला 'दारू' शब्द फारसीतून आला तो मूळचा औषध याच अर्थाचा. दवादारू म्हणतो ते त्यातलंच. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी दुखण्यावरचा शब्द उचलून तोफेत घातला. मराठीनं वरून तो बाटलीतही घातला, कन्नडनं तेवढा संयम दाखवला.

ब्रिटिशांचा कलेक्टर थॅकरे इथं राणीच्या फौजेशी लढताना पडला तो २३ ऑक्टोबर १८२४ ला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला गेला. लोकांच्या तोंडी जी कथा आहे तिच्यात फौजेपेक्षा फितुरी मोठी. राणीच्याच दोघा माणसांनी तोफेच्या दारूत माती आणि शेण कालवलं म्हणतात. आवारात एक शिक्षक शाळेची सहल घेऊन आले होते, ते मुलांना हेच सांगत होते. आमच्या काकांनी मधेच हात वर केला. मुलांसारखाच. "सर, दारू पेटली असणार. पेटते. पण जोर नसतो. फुस्स करते, धूर करते, गोळा तिथंच पुढ्यात पडतो." शिक्षक भले होते, त्यांनी ते कन्नडमध्ये मुलांना सांगितलं. पोरांनी 'फुस्स' तेवढं उचललं आणि किल्लाभर फुस्स फुस्स करत हिंडली.

कोठार कसं बांधायचं ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आलंय, ते मी काकांना गाडीत सांगितलं. दारूखाना घरांजवळ नको. तळघर करावं, आत लाकडी माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी माल बाहेर काढून ऊन दाखवावं, पुन्हा मोहोर करून ठेवावा. रात्रंदिवस पहारा. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत दारूखाना हा स्वतंत्र कारखाना होता तो उगीच नव्हे. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आमची दारू आई उतरंडीच्या शेजारी ठेवायची. पापडाबरोबर उन्हात घालायची."

पुढचा रस्ता सरळ आहे: धारवाड-हुबळी बाहेरून, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर. ब्याडगीच्या फाट्याजवळ काचा वर घेतल्या तरी खोकला लागला. जानेवारीत मिरचीचा हंगाम सुरू असतो, हवाच तिखट होते. खरं तर ही मिरची तिखटाला कमी आणि रंगाला जास्त, पण हे माझ्या नाकाला कुणी सांगावं? काकूचे दोन किलो इथंच घेतले. डिकीत ठेवायची चूक करू नका. घट्ट पिशवीत बांधून कॅरिअरवर टाका. आम्ही तीन दिवस शिंकत होतो.

संध्याकाळी दावणगिरी. बेण्णे डोसा खाल्ला, लोण्यात न्हालेला. सोबत बटाट्याची पांढरी भाजी आणि तिखट चटणी. काका दोन खाऊन तिसरा मागवत होते, भाचीनं कोलेस्टेरॉल काढल्यावर मुकाट्यानं चहा मागवला. लॉजचं नाव सांगत नाही. 'चोवीस तास गरम पाणी' म्हणजे पहाटे पाच ते साडेपाच, हे सकाळी पावणेसहाला कळलं.

दुसरा दिवस: चित्रदुर्ग

दावणगिरीहून चित्रदुर्ग तासाभराचा रस्ता. लांबूनच डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात आणि खाली एकावर एक रचल्यासारख्या शिळाच शिळा. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांना कातळाचा कडा असतो. इथं कडा नाही, गोट्यांचा ढीग आहे, फक्त एकेक गोटा घराएवढा. त्या शिळांच्या फटी तटानं बुजवत बुजवत सात फेरे घातलेत. कन्नडमध्ये त्याला 'एळु सुत्तिन कोटे' म्हणतात, सात वेढ्यांचा कोट.

दारातच वाटाड्या मिळाला. पैसे आधी ठरवा, आणि हिंदी चालते पण चार शब्द कन्नडचे टाकलेत तर माणूस खुलतो. आमच्या माणसाची गंडभेरुंड, सात फण्यांचा नाग, गोपालस्वामी होंड अशी ठरलेली यादी होती. काकांनी पहिल्याच दरवाजात त्याला थांबवलं. "आधी मद्दु." तो चमकला. मग हसला. "मद्दु बीसुव कल्लु? बन्नि, बन्नि."

दरवाजे वळणावळणाचे आहेत. आत शिरलेला हत्ती धाव घेऊ नये म्हणून अशी वळणं देतात. एक-दोन वळणं घेतली की वाटेच्या कडेला तो खड्डा लागतो. वरून पाहिला तर आडासारखा, पण रुंद, दगडानं बांधून काढलेला. तळाशी चार मोठे गोल दगड, मधे भोक. व्हिडिओत ते जात्याएवढे वाटले होते. खाली नजर ठरल्यावर कळतं की एका दगडाला मिठी मारायला दोन माणसं लागतील. तळाला पालापाचोळा, एक चिप्सचं पाकीट, आणि दगडांवर दुपारचं ऊन सोडलं तर कायम सावली.

"हे हत्ती फिरवायचे," वाटाड्या म्हणाला. "आने, सार, आने." कुणी बैल म्हणतं, कुणी रेडे. काकांनी मान डोलावली आणि कठड्याला टेकून खाली बसले ते पाऊण तास उठले नाहीत. पर्यटकांचे तीन घोळके आले, डोकावले, फोटो काढले, गेले. सरासरी एक मिनिट. मी दोष देत नाही. फलकावर जेवढं आहे तेवढ्यात कुणीही पुढंच जाईल. पण आमच्याबरोबर काका होते.

"कोरडं दळत नाहीत," त्यांनी सुरुवात केली. "कोरडं दळलं की संपलं. पाणी शिंपडायचं. ओलं दळायचं, डोश्याच्या पिठासारखं नाही, त्याहून घट्ट. कणकेच्या अलीकडं."

भाचीनं तिच्या बाजूनं भर घातली. शंभर भागांत पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक, हे साधारण प्रमाण. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो जळत नाही, दुसऱ्याला जाळायला प्राणवायू पुरवतो. म्हणून बंद नळीत, बाहेरची हवा नसतानाही दारू पेट घेते. आणि म्हणूनच तिन्ही वस्तू इतक्या बारीक आणि इतक्या एकजीव व्हायला हव्यात की सोऱ्याचा कण कोळशाच्या कणाला चिकटून बसला पाहिजे. नुसतं चमच्यानं ढवळून भागत नाही. तेवढ्यासाठी हा सगळा दगडांचा खटाटोप.

"सोरा कुठून आणायचे, माहिती आहे?" काकांनी तिला विचारलं. तिला माहीत होतं, पण तिनं ऐकून घेतलं. जुन्या गोठ्याच्या भिंतीला पांढरा लोणा धरतो, जमिनीवर मिठासारखी साय येते. ती माती खरवडायची, पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून आटवायचं, थंड झालं की काड्यांसारखे खडे धरतात. म्हणजे तोफेतली तीन चतुर्थांश ताकद गुरांच्या मुतातून येते. पोवाड्यात हे कधी ऐकलं नाही.

आणि दळून झालं की संपलं असंही नाही. ओल्या गोळ्याच्या वड्या थापून सुकवायच्या, मग फोडून चाळायच्या, दाणा करायचा. पिठासारखी दारू घट्ट बसते, आत ज्योत शिरत नाही, सावकाश जळते. दाण्यांच्या मधे फट राहते, तिथून आग एकदम पळते. "मैदा नको, रवा पाहिजे," काका म्हणाले. तोफेला जाड रवा, बंदुकीला बारीक.

मग खड्डाच का? दगड वर, मोकळ्यावर का नाहीत? याचं उत्तर वाटाड्याकडं नव्हतं. काकांनी हातानं दाखवलं: खाली भडका उडाला तर बाजूला जायला जागा नाही, सगळं आभाळात जाईल. हा त्यांचा अंदाज. पण चाळीस वर्षं भोकात दारू ठासून ती कुठल्या बाजूला उडेल हे ओळखण्यावर ज्याचं पोट चाललं, त्याच्या अंदाजाला मी तरी किंमत देतो.

इंग्लंडात उखळ-मुसळाच्या पद्धतीच्या दारूच्या गिरण्यांवर १७७२ च्या कायद्यानं बंदी घातली, कारण कांडताना त्या फार उडायच्या. फिरत्या दगडांच्या गिरण्या त्या मानानं बऱ्या. चित्रदुर्ग हैदरअलीनं तिथल्या मदकरी नायकाकडून घेतला १७७९ मध्ये. म्हणजे तिकडं हा वाद चालू होता त्या सुमाराला इकडं मदकरी नायकाच्या किल्ल्यात दगड फिरत होते.

तेवढ्यात माकडानं काकांची तंबाखूची चंची पळवली. वरच्या शिळेवर बसून उघडली, हुंगली, एक चिमूट तोंडात टाकली आणि आमच्याकडे असं बघितलं की फसवणूक आम्हीच केली. चंची खाली आली, तंबाखू वाऱ्यावर गेली. उरली चुन्याची डबी. काका उरलेला दिवस लवंग चघळत होते आणि बोलायला जरा कडक होते.

ओबव्वाच्या खिंडीपर्यंत मात्र आले. किल्ल्याच्या पहारेकऱ्याची ही बायको. पाणी आणायला गेली तेव्हा खडकाच्या भोकातून हैदरचे शिपाई एकेक करून आत सरकताना दिसले. नवरा जेवत होता, त्याला न उठवता तिनं मुसळ घेतलं आणि जो डोकं आत घालील त्याला तिथंच गार केलं, अशी कथा. भोक खरंच एका माणसापुरतं आहे. भाची त्यातून वाकून आत आली तेव्हा काका कोपऱ्यात मुसळ धरल्यासारखे हात वर करून उभे होते. एकुलता एक फोटो ज्यात ते हसताहेत.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दहानंतर ग्रॅनाइट तापतो. चपला नकोत, पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात. पाण्याची बाटली पिशवीत आत ठेवा, हातात धरलीत तर ती माकडाची. खड्ड्यात उतरायचा प्रयत्न करू नका. वरून सगळं दिसतं, आणि बॅटरी नेलीत तर दगडांवरच्या घासल्याच्या रेघाही दिसतात.

तिसरा दिवस: बैलहोंगलमार्गे घरी

रात्री धारवाडला मुक्काम केला होता. सकाळी पेढ्यासाठी अर्धा तास रांगेत, त्याबद्दल तक्रार नाही. तिथून हमरस्ता सोडून बैलहोंगलकडे वळलो. काळी जमीन, शाळू कमरेच्या वर, हरभरा घाट्यांवर, आणि तूर काढून झालेली. एका वळणावर शेतकऱ्यानं तुरीचे काड रस्त्यावरच पसरले होते, गाड्यांच्या चाकांनी आपोआप मळणी. आम्हीही आमच्या चाकाचा हातभार लावला. काका म्हणाले, "थांब, थांब."

बांधाला तुराट्यांची गंजी रचलेली होती. काका उतरले, एक काडी मोडली, वास घेतला, नखानं सोलली. शेतकरी आला. त्याला मराठी बेताची, काकांची कन्नड खानापुरी. तरी जमलं. त्यानं शाळूचा हुरडा भाजायला घेतला, गूळ-शेंगदाणे काढले. आम्ही तिळगूळ दिला. निघताना काकांनी तुराट्यांची एक मोळी मागितली. शेतकऱ्याला वाटलं चुलीला हवी, तो दोन देत होता.

"दारूचा कोळसा कशाचाही चालत नाही," गाडीत काका भाचीला सांगत होते. "सागाचा नको, बाभळीचा तर नकोच. हलक्या लाकडाचा पाहिजे, फुंकर मारली तर उडणारा. तुराटी, रुई." तिनं शोधून सांगितलं की बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी दारूच्या कारखान्यातही तुरीच्याच काड्यांचा कोळसा वापरत. काकांना याचं विशेष वाटलं नाही. सरकारला ते उशिरा कळलं असणार, असा त्यांचा चेहरा होता.

बैलहोंगलला राणी चन्नम्माची समाधी. कित्तूर पडल्यावर तिला इथं कैदेत ठेवलं, इथंच ती १८२९ मध्ये गेली. तिच्यानंतर लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिलं ते १८३१ मध्ये, आमच्या नंदगडला. काकांच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. समाधीच्या बागेत दोन बायका गवत काढत होत्या, नळाला पाणी येत होतं. काकांनी टोपी काढली, हात जोडले, आणि मग पुतळ्याकडे बघत मला हळूच म्हणाले, "ऊन दाखवलं असतं ना दर पंधरा दिवसाला, तर कालवलेलं हाताला लागलं असतं."

दुपारी चारला घरी. मिरची पोचली, पेढे पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर परसात धूर. काकांनी पत्र्याच्या डब्यात तुराट्या कोंडून कोळसा पाडला होता. सोरा नाही, गंधक नाही, फक्त कोळसा. भाचीला तो किती हलका असतो हे दाखवायचं होतं. आणि किती बारीक व्हायला हवा हेही. त्यासाठी पाटा-वरवंटा काढला होता.

काकू दारात उभी. "पाट्यावर कोळसा वाटूलालाय काय वो तुम्ही?"

पाटा तीनदा घासला. त्या आठवड्यात ब्याडगीची चटणी झाली ती रंगाला लालभडक व्हायला हवी होती. जरा काळपटच आली.